ब्रॉयलर जिंकला, हे कुणी ठरवलं?

सुरतच्या उधन्यात लूमवर राबणाऱ्या खानदेशी माणसाच्या हाती भिशीचे किंवा बोनसचे पैसे आले, की गावाकडे काहीतरी सुरू करावं हा विचार त्याच्या मनात येतोच. शिंदखेडा, नंदुरबार, अमळनेर, पारोळा इथून आलेली ही माणसं. घरामागे मोकळी जागा असते, आईवडील अजून हिंडते-फिरते असतात, आणि कोंबड्या पाळायचं ठरतं. मग सल्ला मिळतो. उधना, लिंबायत, डिंडोलीपासून थेट जळगावपर्यंत तो हल्ली एकाच सुरात मिळतो: गावरानच्या नादी लागू नका. जातीजातींची तुलना कधीच होऊन गेली आहे. ब्रॉयलर चाळीस दिवसांत दोन किलो भरतो, गावरानला एक किलोसाठी पाच महिने लागतात. ऊन असो, थंडी असो, हा हिशेब बदलत नाही.

यातलं शेवटचं वाक्य चूक आहे, आणि ते चूक असल्यामुळे बाकीचा सल्लाही ढासळतो. मी या सल्ल्याच्या विरोधात लिहितो आहे, कारण तो ऐकून लोक अखाजीच्या तोंडावर, म्हणजे वर्षातल्या सर्वांत तापलेल्या आठवड्यांत, पत्र्याच्या शेडमध्ये पिल्लं सोडतात आणि मे संपायच्या आत खड्डे खणून कोंबड्या पुरतात. त्यांना "तुमचं व्यवस्थापन कमी पडलं" असं सांगितलं जातं. व्यवस्थापन कमी पडलेलं नसतं असं नाही. पण त्याआधी कुणीतरी त्यांना अशी तुलना दाखवलेली असते, जी त्यांच्या उन्हात कधी झालीच नव्हती.

ब्रॉयलरची वाढ खोटी नाही, हे आधी मान्य करू. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. १९५७ आणि १९७८ सालच्या मांसल कोंबड्यांचे वंश निवड न करता जपून ठेवलेले होते. त्यांच्या शेजारी २००५ सालचा ब्रॉयलर, तिघांना एकच खाद्य. ५६व्या दिवशी वजनं भरली अनुक्रमे ९०५, १,८०८ आणि ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच असताना वजन साडेचार पटींहून जास्त झालं, म्हणजे ही सगळी कमाई पैदाशीची. निवडीने काय साधतं, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. मात्र हा प्रयोग पक्ष्याला मानवेल अशा ताब्यातल्या हवेत झाला. त्याने सिद्ध केलं ते इतकंच, की गारव्यात आणि भरल्या पात्रापुढे आजचा ब्रॉयलर किती वेगाने वाढू शकतो. भुसावळच्या मे महिन्याबद्दल त्यात एक अक्षर नाही.

वाढ म्हणजे उष्णता, हे सल्ला देणारे विसरतात. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सियस असतं आणि तिला घाम येत नाही. मोठ्या पक्ष्याला सुखाची हवा साधारण १८ ते २४ अंशांची. जो पक्षी जास्त खातो आणि झपाट्याने मांस धरतो, त्याच्या अंगात पचनाची आणि वाढीची उष्णताही जास्त तयार होते. ती बाहेर टाकायला त्वचा हवी, तर अंग मोठं होईल तसं किलोमागे त्वचेचं क्षेत्र घटत जातं. त्यावर दाट पिसांचं पांघरूण असतं. बाहेरची हवा ३५ अंशांवर गेली की असा पक्षी पहिली गोष्ट करतो ती म्हणजे खाणं सोडतो. खाणं सोडलं की वाढ थांबते. म्हणजे ज्या गुणासाठी त्याला निवडलं, तोच गुण उन्हात त्याच्या अंगावर येतो. हळू वाढणाऱ्या पक्ष्याचंही खाणं उन्हात कमी होतं, पण मुळात त्याची भट्टी लहान असते, म्हणून तो कमी गमावतो. गारव्यात दोन जातींमध्ये जे अंतर दिसतं, ते उष्णतेत घटतं, आणि कोंबड्या मरायला लागल्या तर उलटतंही.

हे पैदाशीचं शास्त्र शिकणाऱ्याला पहिल्या वर्षी सांगतात: जातीचा गुण हा जातीत एकटा नसतो, तो जात आणि जागा यांच्या जोडीत असतो. इस्रायलमध्ये रेहोवोत इथे अविग्दोर काहानेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात हेच ब्रॉयलरवर तपासलं. उघड्या मानेचा जनुक त्यांनी वेगाने वाढणाऱ्या कोंबड्यांत आणला. या जनुकाची एक प्रत असली तर पिसारा सुमारे वीस टक्के कमी होतो, दोन असल्या तर चाळीसच्या आसपास. नेहमीच्या तापमानात उघड्या मानेच्या आणि पूर्ण पिसांच्या पक्ष्यांत फारसा फरक पडला नाही. ३२ अंशांवर मात्र उघड्या मानेचे पुढे गेले. पक्षी तेच, खाद्य तेच, केवळ हवा बदलली आणि क्रम बदलला. "ऊन असो, थंडी असो, हिशेब बदलत नाही" या वाक्याचा निकाल तिथेच लागला.

आता आपल्या रुळावर येऊ. उधन्याहून जळगावकडे जाणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग कोंबडीच्या दृष्टीने दोन वेगळे मुलुख जोडतो. उधना समुद्रापासून लांब नाही. पावसाआधीच्या दिवसांत इथे पारा ३४ अंशांवर असेल, पण हवेत ७५ टक्के आर्द्रता असू शकते. भुसावळला त्याच सुमारास ४३ अंश असतील आणि दुपारची आर्द्रता १५ टक्क्यांवर उतरलेली असेल. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक पहिल्या हवेत साधारण ३० अंश दाखवील आणि दुसऱ्या हवेत २३ अंशांच्या जवळ. म्हणजे पाण्याची वाफ होऊन मिळणारा गारवा भुसावळला कितीतरी जास्त आहे, उधन्याला तो जवळजवळ संपलेला आहे.

कोंबडी धापा टाकते ती या वाफेसाठीच. चोच उघडी, गळा थरथरतो, आणि तोंडातल्या-श्वासनलिकेतल्या ओलाव्याची वाफ होऊन अंगातली उष्णता जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता बाहेर पडते. उधन्यात हा मार्ग दमट हवेने अर्धा बंद असतो. भुसावळला मार्ग मोकळा असतो, पण तिथली हवा खुद्द कोंबडीच्या अंगापेक्षा गरम झालेली असते. मग वाफ सोडली तर उष्णता टाकायला दुसरा रस्ताच उरत नाही, आणि सगळा भार पाण्यावर पडतो. पत्र्यावर ठेवलेल्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात लावू नये इतकं तापलेलं असेल तर कोंबडी ते पीत नाही, आणि मग जात कुठलीही असो, ती मरते. सतत धापा टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, रक्त अल्कधर्मी होतं, अंड्याचं कवच पातळ पडतं. कोरड्या मुलखाला एक गोष्ट अनुकूल आहे: उत्तररात्री हवा बऱ्यापैकी उतरते, आणि पहाटे चार ते आठ कोंबडी पोटभर खाऊ शकते. उधन्यात रात्रही दमटच. तेव्हा "उष्ण प्रदेशात अमुक जात चांगली" असं विधान करणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की कोणती उष्णता? दमट की कोरडी, दिवसाची की रात्रंदिवसाची?

इथे समोरून उत्तर येतं, आणि ते दमदार आहे. बंदिस्त शेड बांधा, एका टोकाला ओले पॅड लावा, दुसऱ्या टोकाला मोठे पंखे लावा, आत २७-२८ अंश ठेवा, ब्रॉयलर मे महिन्यातही वाढतो. हे खरं आहे, आणि वर सांगितलेल्या कारणामुळे कोरड्या खानदेशात ते उधन्यापेक्षा चांगलं चालतं. पण मग तुलना कोंबड्यांची राहिली कुठे? ती झाली शेडची. एका पक्ष्याला भुसावळमधून उचलून तुम्ही वेगळ्या हवामानात नेलंत, दुसऱ्याला उन्हात ठेवलंत, आणि जिंकलेल्याचं नाव जात म्हणून लिहिलंत. त्या शेडचं कर्ज, विजेचं बिल, जनरेटरचं डिझेल हे सगळं ब्रॉयलरच्या किलोमागे मांडलं पाहिजे. आणि बंद शेडमध्ये पंखे थांबले तर हजारो पक्षी तासाभरात गुदमरतात, हा धोकाही. ज्याच्याकडे असं शेड आहे त्याने ब्रॉयलरच घ्यावा, माझं त्याच्याशी भांडण नाही. सल्ला दिला जातो तो मात्र बहुतेक वेळा उघड्या बाजूंच्या, पत्र्याच्या, पाचशे-हजार पक्ष्यांच्या शेडवाल्याला.

दुसरी गफलत सरासरीत दडलेली आहे, आणि मला ती सर्वांत जास्त खटकते. बॅच उचलताना वजन होतं ते जिवंत पक्ष्यांचं. उदाहरणादाखल आकडे घेऊ. शंभर पिल्लं टाकली, तीस मेली, उरलेल्या सत्तरांची सरासरी १.८ किलो. शेजारी दुसऱ्या जातीची शंभर टाकली, आठ मेली, ब्याण्णवांची सरासरी १.४ किलो. कागदावर पहिली जात चारशे ग्रॅमने पुढे. काट्यावर पहिलीचं मांस १२६ किलो आणि दुसरीचं जवळजवळ १२९ किलो. शिवाय मेलेल्या तीस पक्ष्यांनी मरेपर्यंत खाल्लेलं खाद्य पहिलीच्याच खात्यात जातं, आणि उष्णतेने मरतात ते बहुतेक वेळा मोठे झालेले, विक्रीला टेकलेले पक्षी, म्हणजे ज्यांच्यावर सगळा खर्च आधीच होऊन गेलेला असतो. दुसरी जात तितक्याच दिवसांत १.४ किलोला पोचेल की नाही, तिला जास्त दिवस लागले तर त्या दिवसांचं खाद्य किती, हे प्रश्न आहेतच. त्यांची उत्तरं मिळतील ती टाकलेल्या पिल्लांवर हिशेब केला तर. जगलेल्यांची सरासरी काढून ती उत्तरं निघत नाहीत. करार पद्धतीत काम करणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. मरतुक वाढली आणि खाद्याचं मांसाशी प्रमाण बिघडलं की वाढीव मोबदला कसा कापला जातो, हे तो दर उन्हाळ्यात पाहतो.

आणि विक्री वयावर होत नाही, बाजारावर होते. उधन्यातला खानदेशी गिऱ्हाईक काळ्या मसाल्याच्या रश्श्यासाठी कोंबडी घेतो तेव्हा हाताने छाती दाबून बघतो. त्याला सव्वा-दीड किलोचा घट्ट पक्षी हवा असतो आणि त्यासाठी तो ब्रॉयलरपेक्षा चढा भाव देतो. त्याच्यासाठी बेचाळिसाव्या दिवसाचं वजन ही मोजणी निरर्थक आहे. ती मोजणी ज्या कंपन्यांचा सगळा व्यवहार त्या दिवसाभोवती फिरतो त्यांच्या सोयीची आहे, आणि त्यांनी ती करावीच. पण तीच फूटपट्टी परसातल्या पंचवीस कोंबड्यांना लावून त्यांना नापास करणं हा अन्याय आहे.

इथवर वाचून गावरानचे भक्त खूश झाले असतील, तर त्यांच्याशीही माझा वाद आहे. "देशी म्हणजे काटक, देशी म्हणजे नफा" हेही तितकंच आंधळं विधान आहे. कडकनाथचं उदाहरण घ्या. बरेलीजवळच्या इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे. तिच्या नोंदींत विसाव्या आठवड्याला कडकनाथचं वजन ९२० ग्रॅम आहे, असीलचं १,२२० आणि उघड्या मानेच्या देशी कोंबडीचं १,००५. म्हणजे पाच महिने सांभाळून एक किलोच्या आतला पक्षी. झाबुआच्या डोंगरात, स्वतःचं अन्न स्वतः शोधणाऱ्या कोंबडीसाठी हे ठीक आहे. तिला पिंजऱ्यात विकतचं खाद्य घालून लाखोंचं उत्पन्न दाखवणाऱ्यांनी काय केलं, ते २०१९ मध्ये इस्लामपूर भागात उघडकीला आलेल्या घोटाळ्यानंतर हजारो शेतकऱ्यांनी भोगलं. तिथे कोंबडी दोषी नव्हती. तिच्या वाढीचे खरे आकडे लपवले गेले होते. टेम्पोतून तपकिरी संकरित पिल्लं "गावरान" म्हणून विकणारेही तेच करतात: आकडे सांगत नाहीत, रंग दाखवतात.

याच इज्जतनगरच्या संस्थेने मधला रस्ता तयार केला आहे. असीलपासून कारी निर्भीक, उघड्या मानेच्या कोंबडीपासून हितकारी, उलट्या पिसांच्या कोंबडीपासून उपकारी. विसाव्या आठवड्याला निर्भीक १,८४७ ग्रॅम, हितकारी १,७५६ ग्रॅम आणि उपकारी १,२८५ ग्रॅम. वर्षाची अंडी दोनशेच्या घरात, जिथे मूळ देशी आई शंभराच्या आसपास देते. उघडी मान आणि उलटी पिसं हे दोन्ही गुण उष्णता टाकायला मदत करणारे, आणि ते आपल्याच गावठी कोंबड्यांत पिढ्यान्‌पिढ्या होते. लोक त्यांना कुरूप म्हणून आधी कापायचे, याची मला खंत वाटते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा, बंगळुरूची गिरिराजा, मेवाडी कोंबडीचं रक्त घेऊन उदयपूरला तयार केलेली प्रतापधन हीही त्याच वाटेवरची. यातली प्रतापधन मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण ती ज्या कोरड्या मुलखात राहायची तिथल्याच कोंबडीवर उभी आहे.

पण मी जो नियम ब्रॉयलरला लावला तो इथेही लावला पाहिजे. इज्जतनगरचे आकडे इज्जतनगरचे आहेत. तिथलं खाद्य, तिथली लस, तिथली देखरेख. साक्री तालुक्यातल्या खुराड्यात हितकारी १,७५६ ग्रॅम भरेल असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो ब्रॉयलरवाल्याचीच चूक दुसऱ्या बाजूने करतो आहे. शिवाय हे संकर विकत घ्यावे लागतात. बहुतेक खुडूक बसत नाहीत, आणि बसवून पुढची पिढी काढली तर गुण फाटतात. घरच्या बाईला दर वर्षी पिल्लांसाठी उबवणी केंद्राच्या यादीत नाव लावावं लागतं, हा खर्च वजनाच्या कुठल्याही तक्त्यात नसतो.

आणि ज्या कोंबडीचं नाव या सगळ्या चर्चेत कुणी घेत नाही, ती आपल्याच रुळाच्या दोन्ही बाजूंना चरते. बुसरा. नोंदणी झालेली देशी जात, मुलूख नंदुरबार-धुळे आणि त्यांना लागून असलेला गुजरातचा आदिवासी पट्टा. लहान चणीची, एक-सव्वा किलोची, वर्षाला पन्नासच्या आसपास लहान अंडी देणारी. वजनाच्या तक्त्यात ती शेवटी येणार, यात शंका नाही. पण ती विकतचं खाद्य जवळजवळ घेत नाही, रात्री झाडावर बसते, स्वतः खुडूक बसून पिल्लं काढते, आणि त्या उन्हात तिच्या कितीतरी पिढ्या गेल्या आहेत. तिच्या एक किलोमागे रोख खर्च किती येतो हा प्रश्न विचारला, तर तक्ता उलटा वाचावा लागेल. मानमोडीची लस तिला दिली नाही तर तीही पटापट मरते. काटकपणा म्हणजे रोगापासून अभय असा अर्थ कुणी काढू नये. नवापूरने तर याहून मोठं संकट पाहिलं आहे. २००६च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू तिथे निघाला, शेडमधल्या लाखो कोंबड्यांबरोबर आजूबाजूच्या गावांतल्या, पलीकडे उच्छलच्या बाजूच्या परसातल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. २०२१ मध्ये पुन्हा तेच. बुसरासारख्या जातीचा सगळा साठा अशा एका पट्ट्यातच असेल, तर तिची वाढ मोजण्याआधी तिच्या काही कुळी दुसरीकडे जपणं गरजेचं ठरतं.

मग तुलना करूच नये का? करावी, आणि तातडीने करावी. नवसारी कृषी विद्यापीठ जवळ आहे, व्याऱ्याला आणि नंदुरबारला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. ब्रॉयलर, हितकारी, वनराजा, प्रतापधन आणि बुसरा यांची पिल्लं एकाच दिवशी उबवावीत, नर-मादी वेगळे मोजावेत. एक तुकडी मार्चअखेर सोडावी म्हणजे तिची वाढ मे महिन्यात पडेल, दुसरी नोव्हेंबरात. उधन्याच्या बाजूला एक जागा, नवापूरला एक, भुसावळला एक. उघड्या बाजूंचं साधं शेड आणि परस, दोन्ही. तापमान आणि आर्द्रता कोंबडीच्या उंचीवर मोजावी, हवामान खात्याच्या वेधशाळेवरून उचलू नये. पिण्याच्या पाण्याचं तापमान दुपारी दोन वाजता लिहावं. वजन दर आठवड्याला, मरतुक रोज, खाद्य मेलेल्यांचं धरून. निकाल टाकलेल्या दर शंभर पिल्लांमागे मांडावा आणि त्यापुढे रोख खर्च लिहावा. तो तक्ता मराठीत आणि गुजरातीत छापून उधना स्टेशनवर, अखाजीला गावी निघालेल्या माणसाच्या हातात द्यावा. त्यात ब्रॉयलर पहिला आला तर मी तसं लिहीन.